एका बैठकीत भरलेला तक्ता

३ फेब्रुवारी

टिकटिक्या,

तुझं पत्र काल दुपारी आलं. चार पानांचं पत्र, त्यातली साडेतीन पानं त्या पाववाल्याच्या भिंतीवरच्या घड्याळाबद्दल, आणि शेवटी कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरात 'डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो'. मी अठ्ठावीस वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढली आहेत रे. पेशंट जे जाता जाता, दाराशी उभा राहून सांगतो, तेच खरं दुखणं असतं. हे मला शिकवू नकोस.

तर मला समजलं ते असं. साखर वाढली आहे, बहुतेक पाच-सहा वर्षांपासून, आणि तुला पत्ताच नव्हता. उजव्या डोळ्याच्या आत, मागच्या पडद्यावर, बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागल्या आहेत. सहा महिन्यांत साखर ताब्यात आली नाही तर डॉक्टर त्या डोळ्याची खात्री देत नाहीत. आणि उजवा डोळा म्हणजे तुझा भिंगाचा डोळा. चाळीस वर्षं त्याच डोळ्याला भिंग लावून तू लोकांची घड्याळं दुरुस्त करतो आहेस. तो गेला तर दुकानात बसून काय करणार, माशा मारणार?

फोन करणार होते. पण फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकून न ऐकल्यासारखं करतोस. म्हणून सोबत एक तक्ता पाठवते आहे. वर तारखा, बाजूला चार ओळी. चाळीस मिनिटं चालणं, सकाळची गोळी, संध्याकाळची गोळी, आणि गोडाला हात नाही. जे केलं त्या चौकटीत खूण करायची. महिना संपला की तक्ता मला पोस्टाने परत. मीही माझा भरीन आणि तुला पाठवीन. माझं ब्लडप्रेशर आणि गुडघे आहेतच की. दोघं मिळून करू.

तुझी,
ताई


९ फेब्रुवारी

ताई, नमस्कार.

तक्ता मिळाला. एकही रेघ तिरकी नाही. आपण एकाच आईची मुलं खरी.

सगळी तयारी झाली आहे. साखरेचा डबा खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना देऊन टाकला. चालायचे बूट घेतले. रस्ता मोजला. दुकानापासून निघून पाण्याच्या टाकीला वळसा घालून पोस्टावरून परत, चार हजार दोनशे पावलं. पहिल्यांदा एक्केचाळीस मिनिटं लागली, म्हणून तसाच परत फिरलो आणि चाळिसात बसवून आलो.

मात्र सुरुवात एक मार्चपासून. फेब्रुवारीचे आठ दिवस आधीच गेले, आता मधूनच कुठे घुसायचं? तक्ता पहिल्यापासूनच खराब दिसेल. तू मला ओळखतेस. घड्याळ उघडलं की मी आधी सगळं सुटं करतो, एकेक चाक धुतो, मग जुळवतो. अर्धवट काम माझ्याच्याने होत नाही.

पाववाल्याचं घड्याळ अखेर उतरवून आणलं. किल्लीचं, गोल, परातीएवढी तबकडी. रोज मागे पडायचं. कधी तीन मिनिटं, कधी आठ. तो बेकरी उघडली की स्टुलावर चढून पिठाच्या हातानेच काटा पुढे ढकलायचा. म्हणे, तेवीस वर्षं असंच चाललंय. मला बघवेना. तो नको नको म्हणत होता, मीच स्टुलावर चढलो आणि काढलं. म्हटलं, महिन्याभरात असं करून देतो की पुन्हा काट्याला हात लावावा लागणार नाही.

तुझा,
टिकटिक्या


१४ फेब्रुवारी

टिकटिक्या,

एक मार्चपासून? साखर काय कॅलेंडर बघून चढते का? गोळ्या तरी आजपासून घे.

तुझं हे जुनंच आहे. लग्नाच्या वेळी एकीचं हसणं मोठं होतं, एकीचं अक्षर वाईट होतं. शंभर टक्के जमेल अशी मिळाली नाही, म्हणून बसलास एकटा. ते एक वेळ चाललं. डोळ्याचं तसं चालणार नाही.

आणि त्या बिचाऱ्याचं घड्याळ लवकर देऊन टाक. त्याची काही तक्रार होती का?

ताई


४ एप्रिल

ताई, नमस्कार.

मार्चचा तक्ता सोबत जोडला आहे. एकशे चोवीस चौकटी, एकशे चोवीस खुणा. तुझाही मिळाला. एकही खाडा नाही. कमाल आहे तुझी, या वयात आणि त्या गुडघ्यांवर.

घड्याळाचं काम वाढलं. एका चाकाचे दात झिजले आहेत. तसं चाक आता कुठेच मिळत नाही, म्हणून मीच कापतो आहे. तीन कापली, एकही मनासारखं झालं नाही. पाववाला दोनदा विचारून गेला. बाकी ठीक. दुकानात काम फार आहे, म्हणून पत्र छोटं.

टिकटिक्या


१० एप्रिल

टिकटिक्या,

तक्ता मिळाला. आधी चष्मा लावून पाहिला, मग खिडकीपाशी नेऊन पाहिला.

अरे, पाळी संपताना घाईघाईने भरलेले तापाचे तक्ते मी हजारांनी पाहिले आहेत. एका बैठकीत भरलेला तक्ता मला दारातूनच ओळखू येतो. रोजचा तक्ता रोज वेगळा दिसतो. एखाद्या दिवशी पेन दाबलेलं असतं, एखाद्या दिवशी शाई संपत आलेली असते, कुठे चहाचा डाग पडलेला असतो. तुझ्या एकशे चोवीस खुणा एकाच शाईच्या आणि एकाच उताराच्या. वरच्या ओळीत ताठ, आणि खालच्या ओळीपर्यंत येईतो हात दमलेला. शिवाय महिनाभर भिंतीवर राहिलेल्या कागदाला टाचणीचं एक तरी भोक असतं की नाही?

मला फसवलंस याचा राग आहेच. पण त्याहून जास्त भीती वाटते आहे. त्या चौकटींच्या मागे नेमकं काय आहे? गोळ्या तरी घेतोस ना? माझे गुडघे धड असते तर आजच गाडीत बसून कान उपटायला आले असते. येता येत नाही याचा गैरफायदा घेऊ नकोस. खरं काय ते लिही.

ताई


२ मे

ताई,

तीन आठवडे पत्र लिहायचं टाळलं. आज लिहितो.

एक मार्चला सुरू केलं. पाच दिवस अगदी चोख. सहाव्या दिवशी एक गिऱ्हाईक दुकानात ठाण मांडून बसलं आणि चालणं राहिलं. एक चौकट रिकामी. दुसऱ्या दिवशी सकाळी तक्त्याकडे पाहिलं आणि माझं मनच उडालं. वाटलं, बिघडला महिना. आता एप्रिलपासून नीट करू. आणि महिना बिघडलाच आहे म्हटल्यावर बेकरीतून गोड पाव आणला आणि अख्खा संपवला. मग, लिहायला लाज वाटते, गोळ्याही सोडल्या. पंचवीस दिवस. चालण्याचा आणि गोळीचा काय संबंध, असं तू विचारशील. आता मीही तेच विचारतो. पण तेव्हा सगळं एकाच तक्त्यात होतं. एक चाक अडलं की घड्याळ बंद, असंच डोक्यात बसलं होतं.

महिना संपल्यावर तुझा तक्ता आला. तो समोर ठेवला आणि माझा भरून टाकला. एप्रिलमध्ये तीन दिवस टिकलो.

गेल्या आठवड्यात चिमट्यातून एक स्क्रू निसटला. मोहरीपेक्षा बारीक, पण असे स्क्रू मी जन्मभर पकडत आलो आहे. गुडघ्यांवर बसून फरशी चाचपली, टेबलाखाली झाडू फिरवला. स्क्रू टेबलावरच होता, माझ्या समोर. उजव्या डोळ्याच्या मधोमध आता एक धुरकट ठिपका आहे आणि स्क्रू त्या ठिपक्याच्या आड होता. तसाच डॉक्टरांकडे गेलो. पाझर वाढला आहे. म्हणाले, अजून तीन महिने बघू, पुढचं मी आज बोलत नाही.

मला फार भीती वाटते ताई. दुसरं मला काहीच येत नाही. पण तुझ्यासारखं रोजच्या रोज माझ्याच्याने होणार नाही, हेही कळून चुकलं. तू पहिल्यापासूनच तशी. मला आता तक्ते पाठवू नकोस.

टिकटिक्या


७ मे

टिकटिक्या,

तुझं पत्र वाचलं आणि रडले. सूनबाईने पाणी आणून दिलं, पत्र वाचलं आणि म्हणाली, "आई, आता तुम्हीही खरं लिहा." म्हणून लिहिते.

माझा तक्ताही खोटा होता.

तोही एका बैठकीतच भरला. फरक एवढाच की मला त्यातलं तुझ्यापेक्षा जास्त कळतं. तीन वेगवेगळी पेनं घेतली, मध्ये दोन दिवस पेन्सिल वापरली, एका कोपऱ्यावर चहा सांडला आणि वर टाचणीची चार भोकं पाडली. अठ्ठावीस वर्षांचा अनुभव, दुसरं काय!

मी चार दिवस चालले. पाचव्या दिवशी गुडघा सुजला. चाळीस मिनिटं जमत नाहीत म्हटल्यावर मी पाच मिनिटंसुद्धा चालले नाही. ब्लडप्रेशरची गोळी आठवली तर घेतली. वीस मार्चला बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले आणि डावं मनगट मोडलं. तुला ते मोठं करारी पत्र लिहिलं ना, तेव्हा कागद प्लास्टरनेच दाबून धरला होता. सूनबाईने माझा खण उघडला तर गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी भरलेली. जन्मभर दुसऱ्यांना वेळेवर औषधं दिली, आणि माझ्या खणात हे!

तुला कळवलं नाही, कारण तुला उपदेश करत होते. मोठी बहीण ना मी! आणि माझ्या त्या खोट्या कागदाकडे बघून तू हातपाय गाळलेस. हे काही केल्या माझ्या मनातून जात नाही. तुझ्या डोळ्याचं काही बरंवाईट झालं तर त्यात माझी ती तीन पेनंही आहेत.

काल बसल्या बसल्या एक आठवलं. वॉर्डात एखाद्याची दुपारची गोळी राहिली तर आम्ही काय करायचो? त्या चौकटीत गोल काढायचा, खाली सही करायची, आणि संध्याकाळची गोळी संध्याकाळी द्यायची. इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरने मला असं सांगितलं नाही की सिस्टर, आता राहू द्या, हा पेशंट एक तारखेपासून नव्याने आजारी पडेल.

नको म्हणालास तरी नवा तक्ता पाठवते आहे. मुद्दाम पट्टीशिवाय आखला आहे, रेघा बघून तुझ्या पोटात दुखेल. दोनच ओळी, गोळ्या आणि चालणं. किती चालायचं ते लिहिलेलं नाही. कोपऱ्यापर्यंत गेलास तरी खूण. राहिलं तर चौकट रिकामी सोड आणि मला ती रिकामीच दाखव. मीही माझ्या दाखवीन.

ताई


१४ जून

ताई, नमस्कार.

टाचणीची भोकं वाचून एवढा हसलो की शिंपीणबाई काय झालं म्हणून विचारायला वर आल्या. मग मनगटाचं वाचलं आणि हसू गेलं. तू पडतेस आणि मला दीड महिन्याने कळतं! पुन्हा असं लपवलंस तर मी येऊन तुझ्या दारात बसेन, सांगून ठेवतो. आणि त्या पेनांचं मनाला लावून घेऊ नकोस. गोळ्या मीच सोडल्या होत्या.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून गोळ्या सुरू आहेत. दात घासायच्या ब्रशशेजारी डबी ठेवली आहे. तीनदा तरीही विसरलो. गोल काढले आहेत, खाली सहीसुद्धा केली आहे.

चालणं मात्र सुरू होत नव्हतं. बूट दाराशी आणि मी टेबलाशी. मग मे संपता संपता पाववाला आला. हाताला पीठ, दारातच उभा राहिला. टेबलावर त्याच्या घड्याळाचे भाग पांढऱ्या कापडावर ओळीने मांडलेले, शेजारी मी कापलेली सहा चाकं. मी त्याला समजावत होतो की पाचवं चाक जवळपास जमलं आहे, पण त्याच्या एका दातात केसाएवढा फरक राहतो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साहेब, माझ्याकडे ते दिवसाला पाच-सात मिनिटं मागे पडायचं. तुमच्याकडे आल्यापासून साडेतीन महिने मागे पडलंय."

रागाने नाही बोलला. म्हणूनच जास्त लागलं. तो गेला, आणि मी ते पाचवं चाक घातलं, घड्याळ जुळवलं, किल्ली दिली. चाललं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर दोन मिनिटं मागे. पुन्हा उघडायला हात नुसते शिवशिवत होते. कसंबसं स्वतःला आवरलं, घड्याळ कागदात गुंडाळलं आणि नेऊन त्याच्या भिंतीवर लावलं. सांगितलं, हे थोडं मागे पडेल. तो म्हणाला, "मग तुम्हीच येत जा की रोज. माझा खांदा आता वर जात नाही."

बेकरी अकरा मिनिटांवर आहे. जाऊन-येऊन बावीस. चाळीस नाहीत. पाण्याची टाकी वाटेत लागत नाही, पोस्टही नाही. रविवारी बेकरी बंद, म्हणून खाडा. सोमवारी घड्याळ पाच मिनिटं मागे असतं. मी स्टुलावर चढतो, काटा पुढे करतो, उतरतो. ते पुन्हा चालू लागतं. गोड पाव तिथे नाकासमोर मांडलेले असतात. दोनदा खाल्ला. दुसऱ्या दिवशी तरीही गेलो.

टिकटिक्या


२२ जून

टिकटिक्या,

त्या पाववाल्याला माझा नमस्कार सांग. जे मला साठ वर्षांत जमलं नाही ते त्याने एका वाक्यात केलं.

माझं प्लास्टर निघालं. गुडघ्यासाठी खुर्चीत बसून पाय वर-खाली करते, बातम्या लागल्या की. बातम्या चुकल्या की व्यायामही चुकतो. सूनबाई संध्याकाळी मला फाटकापर्यंत नेते. फाटकापर्यंत म्हणजे किती, तर माझी एकशे दहा पावलं. आधी लाज वाटली. शेजारीण विचारते, झालं एवढ्यात? म्हटलं, हो बाई, झालं.

सहा दिवस रिकामे गेले. त्यातल्या दोन दिवशी मला काहीही झालं नव्हतं, नुसता कंटाळा. तेही लिहून ठेवलं आहे.

डोळ्याची तपासणी कधी? तारीख कळव. मी इथे जीव मुठीत धरून बसले आहे.

ताई


६ ऑगस्ट

ताई,

या वेळी बातमी आधी लिहितो.

पाझर थांबला आहे. साखर अजून हवी त्याहून थोडी वरच, पण फेब्रुवारीच्या मानाने पुष्कळ खाली. डॉक्टर म्हणाले, उजवा डोळा वाचला. पण मधला ठिपका राहणार. वाचता येईल, रस्ता दिसेल, माणसं ओळखू येतील. भिंगाचं काम त्या डोळ्याने नाही.

बाहेर येऊन बाकावर बसलो आणि रडलो. लोक बघत होते, बघू देत. मग परत आत जाऊन विचारलं, मार्चमध्ये पंचवीस दिवस गोळ्या सोडल्या होत्या, त्याने झालं का हे? ते म्हणाले, एका महिन्याकडे असं बोट दाखवता येत नाही. दाखवता आलं असतं तर बरं झालं असतं, असं मला उगाच वाटून गेलं.

भिंग आता डाव्या डोळ्याला लावतो. एकसष्टाव्या वर्षी! हाताला सवय उजव्या डोळ्याची, त्यामुळे चिमटा दर वेळी स्क्रूच्या शेजारी जाऊन उभा राहतो. अगदी बारीक घड्याळं सध्या घेत नाही, दुसऱ्या कारागिराकडे पाठवतो. काल एक साधं मनगटी घड्याळ पूर्ण जुळवलं. पूर्वीचं तासाभराचं काम, दीड दिवस लागला. पाठीचं झाकण लावताना एक चरा पडला. गिऱ्हाइकाला तो दाखवूनच घड्याळ हातात दिलं. तो म्हणाला, चालतंय ना?

मे महिन्यापासूनचे सगळे तक्ते सोबत पाठवतो आहे. बघ, आणि फार रागावू नकोस.

टिकटिक्या


११ ऑगस्ट

टिकटिक्या,

तुझं पाकीट आलं. पत्र दोनदा वाचलं. तुझ्या उजव्या डोळ्यासाठी रडू आलं, ते आलंच. लहानपणी तू आमच्या सगळ्यांच्या पायातले काटे काढायचास, त्याच डोळ्याने. त्याची समजूत मी कशी घालू? घालत नाही. पण डोळा राहिला रे. मी रस्त्याने येताना तुला दिसेन, एवढा राहिला.

मग तक्ते खिडकीपाशी नेले. सवय जात नाही. मे महिना निळ्या पेनाचा. जूनमध्ये निळं संपलं असणार, कारण नऊ तारखेपासून हिरवं आहे. दोन खुणा तेलकट बोटांच्या. एका रविवारी तुझ्या अक्षरात 'बेकरी बंद, तरी कोपऱ्यापर्यंत'. एक चौकट पिठाने पांढरी झालेली, म्हणजे तक्ता खिशात घालून नेलेला दिसतोय. आणि वर टाचणीची भोकं, कागद पुन्हा पुन्हा लावल्याने मोठी झालेली. अशी भोकं मला मुद्दाम पाडता आली नव्हती.

जुलैतल्या चालण्याच्या ओळीत रिकाम्या चौकटी मोजल्या. आठ. पैकी चौदा तारीख रिकामी आहे. आणि पंधराला खूण आहे. त्या दोन चौकटींवर बोट ठेवून मी किती वेळ बसले होते, सूनबाईला विचार.

ती आता दारात चपला घालून उभी आहे. माझी कालची चौकट रिकामी गेली. फाटकापर्यंत जाऊन येते.

तुझी,
ताई